इंजिनिअर पाहिजे

कॉलनीच्या गवत कापायच्या मॉवरच्या डेकला, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाला, भोक पडलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी भुवया जवळ आणल्या, चष्मा कपाळावर ढकलला आणि "हं" म्हणालो. निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअरचं "हं" ही साधी गोष्ट नव्हे. त्यात निदान असतं, चिंता असते आणि पुढे काय बोलावं हे सुचेपर्यंतची सवलतही असते.

निवृत्तीनंतर मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. "पाण्याचा टँकर आला का हो?" एवढं विचारतात, पण तेही वॉचमन जागेवर नसला तर. घरात मिक्सर बिघडला की बायको परस्पर मिक्सरवाल्याला बोलावते आणि तो पैसे घेऊन गेल्यावर मला सांगते, "अहो, तुमचा डोळा लागला होता." अशा माणसासाठी बंगालच्या उपसागराने वर्षानुवर्षं खपून, ईस्ट कोस्ट रोडवरून खारा वारा पाठवून, ट्रॅक्टरमागे जोडायचं एक आख्खं यंत्र सडवून द्यावं, याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

ट्रॅक्टर ठणठणीत होता. लाल मॅसी फर्ग्युसन. तो बनवणारी टॅफे कंपनी १९६० पासून आमच्या चेन्नईतलीच, म्हणजे त्याला इथल्या हवेची सवय असणार. सडलं होतं ते मागचं मॉवर. कमिटीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि गंजाचं मूळ सांगायला घेतलं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र बसली की गंज होतो. चौथं मीठ येऊन बसलं की ठराव ताबडतोब मंजूर होतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरला की तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. लोखंडाच्या गंजाला तेवढी निष्ठा नाही. तो फुगतो, सुटतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा वाऱ्यावर सोडतो. मॉवरच्या पोटात ओलं गवत थापलं जातं, तिथेच कुजतं. ऑक्टोबर ते डिसेंबर आमचा ईशान्य मोसमी पाऊस लागला की वाळायचं नावच नाही. त्यामुळे डेक वरून रंगवलेलं, झकास, आणि आतून पोखरलेलं. हे वाक्य मी कमिटीकडे बघत म्हटलं, पण त्यांनी ते मॉवरलाच लावून घेतलं.

मग मी कारैकुडीला पोचलो. गंजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी केंद्रीय विद्युत्‌रसायन संस्था तिथे आहे. १९४८ साली नेहरूंनी तिचा पाया घातला, अलगप्पा चेट्टियारांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले... "सर, नवीन मॉवर केवढ्याला पडेल?" अध्यक्षांनी विचारलं. अर्ध्या कमिटीचं म्हणणं, नवीनच घ्या. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, भोक एवढंसं तर आहे, राहू द्या. शेवटी ठरलं की आधी दुरुस्तीचं बघावं, आणि "इंजिनिअर सर बघतील." पुढचं मी काही ऐकलं नाही.

त्या "एवढंसं"चं आधी सांगतो. मी पाहायला गेलो तर भोक दिसेना. त्यावर गाडीतलं रबरी पायपुसणं तारेने आवळून बांधलेलं. हे कुणी केलं? ट्रॅक्टरवाल्याने. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचं यंत्र फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, गिअरबॉक्स ते आणखी वाढवतो, आणि पात्याच्या टोकाला गवताबरोबर एखादा खडा लागला तर तो सुटतो कुठे याचा नेम नाही. डेक असतं ते मॉवर देखणं दिसावं म्हणून नव्हे. तो खडा अडवायला असतं. "आधी सांगायचं नाही का?" मी विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर म्हणाले असते, हा दगडांवरून चालवतो." त्याने पँट वर केली. पोटरीवर घोट्याच्या वर काळंनिळं पडलं होतं, मध्ये खपली धरलेली. त्याच मैदानावर संध्याकाळी आमची नातवंडं खेळतात, आणि सकाळी हा माणूस त्यांच्यासाठी गवत कापतो. माझ्याकडे त्या वेळी "हं"सुद्धा नव्हतं.

वेल्डिंगचे मेस्त्री ठरले. आता तीन मिलीमीटरचा पत्रा आमच्या कोपऱ्यावरही मिळतो, पण मी म्हटलं, जॉर्ज टाउनला जाऊ. लिंगी चेट्टी स्ट्रीटला मशिनरीची, हार्डवेअरची दुकानं आहेत हे खरं; पण खरं कारण असं की तिथून शेजारीच तंबू चेट्टी स्ट्रीट, तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं देऊळ, आणि सोबत तमिळ माणूस असताना त्याला त्या देवळात न नेता परत येणं हे चेन्नईतल्या मराठी माणसाच्या रक्तातच नाही. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं देवस्थान सांगतं. मी मेस्त्रींना दारातच थांबवलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"माझं लग्न इथेच झालं, सार," मेस्त्री म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

देऊळ विश्वकर्मा समाजाचं. लोहार, सुतार, सोनार, पाथरवट यांची ही देवी. म्हणजे मी लोखंडात हात घालणाऱ्या माणसाला त्याच्याच कुलदेवतेची ओळख करून देत होतो. पण मराठी माणूस अशाने खचत नाही. पत्रा घेऊन परतताना मी त्यांना टेम्पोत बसवून पुढचं ऐकवलं, कारण माझा खरा मुद्दा देवळाच्या पुढेच सुरू होतो.

दक्षिण दिग्विजयाच्या त्या वर्षी महाराजांनी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधल्या इंग्रजांना पत्रं पाठवली. आधी औषधी खडे आणि विषावरचे उतारे मागितले. इंग्रजांनी ते नजराणा म्हणून तत्परतेने पाठवले. एवढी मोठी फौज इतक्या जवळ आल्यावर कोण बिल लावतो? पुढे महाराजांनी मागितले इंजिनिअर. वेल्लोरच्या किल्ल्याला तेव्हा मराठ्यांचा वेढा पडलेला होता. इथे मात्र इंग्रज सावध झाले. इंजिनिअर दिले तर याचं बळ वाढेल आणि गोवळकोंडा नि मोगल दोघेही आपल्यावर उलटतील, असा विचार करून त्यांनी गोड शब्दांत नकार कळवला. ही दप्तरी नोंद आहे. नीट बघा: औषध दिलं, इंजिनिअर दिला नाही! वेल्लोर मराठ्यांनी तरीही पुढच्या वर्षी घेतलं, हा भाग वेगळा. पण इंजिनिअर ही काय चीज आहे हे महाराजांना तेव्हा कळलं होतं, इंग्रजांनाही कळलं होतं. कळलं नाही ते फक्त आमच्या कमिटीला. मद्रासकडे मराठ्यांची ही बाकी राहिली आणि तीनेक शतकांनी ती उलटीच फिटली. मद्रासने मराठ्यांना इंजिनिअर दिला नाही. मराठ्यांनी मद्रासला एक दिला. तो मी.

टेम्पो सिग्नलला थांबला, म्हणून मी तंजावरलाही जाऊन आलो. महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, त्यांची गादी, सरफोजीराजांचं ग्रंथालय, आणि बृहदीश्वराच्या देवळात त्यांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास, तोही मराठीत, दगडावर. "दोनशे वर्षं झाली, अजून एक अक्षर गंजलेलं नाही!" मी म्हणालो.

"फुटलं तर वेल्डिंगही होत नाही, सार," मेस्त्री म्हणाले. सिग्नल सुटला.

कामाच्या दिवशी पाती काढून डेक उलटं केलं आणि ठोकळ्यांवर टेकवलं. मेस्त्रींच्या पोऱ्याने खरवडणीने कुजलेलं गवत सोडवलं, तसे त्याखालून खारीसारखे गंजाचे पापुद्रे निघू लागले. मग मेस्त्रींनी छोटी हातोडी घेतली आणि कडेकडेने ठोकत निघाले. ठण्, ठण्, ठण्, थप. "थप" आलं की खडूची खूण. भोक दोन बोटांचं होतं; खडूची रेघ पूर्ण झाली तेव्हा ते दोन वितींचं झालं होतं. डोळ्यांना चांगला दिसणारा पत्रा कानाला मेलेला होता. ग्राइंडरने त्यांनी जिवंत धातू लागेपर्यंत सगळं कापून काढलं.

आता माझी वेळ होती. मी पुढे होऊन म्हणालो, "मेस्त्री, अर्थचा चिमटा डेकलाच लावा, वेल्डिंगच्या जवळ. शाफ्टला लावाल तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जाईल आणि बेअरिंगची वाट लागेल." हे शंभर टक्के बरोबर आहे. मेस्त्रींनी वळून पाहिलं. चिमटा डेकलाच होता, जवळच होता, माझ्या आधीपासून होता. ते उठले, चिमटा काढला, दोन बोटं सरकवून पुन्हा लावला. "सरी, सार. आता बरोबर."

त्या दोन बोटांबद्दल मी बराच विचार केला आहे. पगाराच्या नोकरीत मोठमोठ्या साहेबांनी माझं ऐकलं, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा इलाज नसायचा. या माणसाला माझी काडीची गरज नव्हती. त्याने उन्हात, मोडलेल्या गुडघ्यांवर उठून, मला गरजेचा करून घेतलं.

पुढचं काम त्यांनी पाहण्यासारखं केलं. नवा तुकडा बसवून समोरासमोरच्या कोपऱ्यांना टाके मारले. मग इथे थोडं, तिथे थोडं, मध्ये थंड होऊ देत, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. आतून जस्ताचा प्रायमर, वरून रंग. रंग कोणता यावर मी मत दिलं. तेही मानलं गेलं, कारण डबा एकाच रंगाचा होता.

आणि मग बिल कमिटीपुढे गेलं. "एवढ्याशा तुकड्याला दोघांची दोन दिवसांची मजुरी?" त्याच बैठकीत पोंगलच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स, कमिटीच्या फोटोंसकट, चर्चेविना मंजूर झाला होता. मी उभा राहिलो. गंज, कारैकुडी, १६७७, काहीच आठवेना. एवढंच म्हणालो, की ज्याच्या पोटरीवर खडा लागला त्याला इथे बोलावून त्याच्यासमोर हे विचारा. कुणी बोलावलं नाही. बिल "पुढील बैठकीत विचारार्थ" ठेवलं. गोड शब्दांत.

घरी जाताना मी शेडमध्ये गेलो आणि मॉवर ट्रॅक्टरला जोडणारी टॉप लिंकची पिन काढून खिशात टाकली. ती सध्या आमच्या कपाटात, बायकोच्या पैठणीखाली आहे. मेस्त्रींचे पैसे चुकते होईपर्यंत तिथेच राहील, असं मी लेखी कळवलं आहे. मैदानावर गवत गुडघ्याला लागलं. अध्यक्षांचा रोज फोन येतो, सेक्रेटरी घरी येऊन फिल्टर कॉफी घेऊन जातात, आणि दोघेही आदराने विचारतात, "इंजिनिअर सर, काही तोडगा?" मी भुवया जवळ आणून "हं" म्हणतो. इतकी मागणी मला नोकरीतही नव्हती.

"अहो, पण तसली पिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल ना?" बायकोने विचारलं.

मिळते. ट्रॅक्टरवाल्याला ते माहीत आहे, तो बोलत नाही. कमिटीला मात्र हे सांगायला एखादा इंजिनिअर लागेल, आणि कॉलनीत तो एकच आहे.