डिकी केवढी आहे?

पुण्यात 'जुनी गाडी घेतोय' असं नुसतं म्हटलं, की समोरच्याचे प्रश्न ठरलेले असतात. कितीला पडतेय? अ‍ॅव्हरेज किती देते? सिंगल ओनर आहे ना? एमएच बारा की चौदा? आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून : पार्किंग आहे का? हा शेवटचा प्रश्न चौकशीचा नसतोच, सोसायटीच्या वतीनं दिलेली ती तोंडी नोटीस असते. डिकी केवढी आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक गाडी घरात आल्यावर पहिलं भांडण होतं ते डिकीवरूनच.

मराठी कुटुंब गावाला निघतं म्हणजे नेमकं काय काय निघतं, हे कधीतरी जिन्यात उभं राहून बघावं. माणसं चार किंवा पाच. बॅगा माणशी एक, शिवाय 'वरच्या कपड्यांची' वेगळी. एक खाण्याची पिशवी, एक औषधांची, आणि एक नुसती पिशवी, जिच्यात काय आहे ते परत येईपर्यंत कळत नाही. आजी असतील तर त्यांचा वॉकर. हे झालं जाताना. येताना कोकणातून यायचं असेल तर आंब्याच्या पेट्या, चार नारळ, एक फणस. देशावरून यायचं असेल तर ज्वारीचं पोतं. गावाकडची माणसं 'जागा आहे का' म्हणून विचारत नाहीत. आपण चहा घेत असतो तेवढ्यात मागचं दार उघडून पोतं आत गेलेलं असतं. फणस सरळ आजींच्या मांडीवर येतो आणि ताम्हिणी घाट चढेपर्यंत तिथेच राहतो.

या सगळ्यावर उतारा असलेली गाडी जगात फार पूर्वीच निघाली. तिला इस्टेट म्हणतात, कुणी स्टेशन वॅगन म्हणतात. साध्या सेडानचं छप्पर तसंच मागच्या बंपरपर्यंत न्यायचं, मागे एक उभं दार लावायचं, की झालं. उंची मोटारीची, पोट टेम्पोचं. युरोपात कुटुंबवत्सल माणूस पोरंबाळं, कुत्रं आणि सायकली घेऊन वर्षानुवर्षं हीच गाडी हाकतो आहे. तिथल्या सेकंडहँड बाजारात बेताच्या खर्चात चालणारी इस्टेट शोधणं हा घरटी चर्चेचा विषय असतो.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असं नाही. उलट, त्याचा मोठा भाग आपल्या अंगणातच झाला. टेल्कोनं, म्हणजे टाटांच्या मोटार कंपनीनं, पिंपरीच्या कारखान्यातून १९९२ साली टाटा इस्टेट काढली. त्याआधी ट्रक आणि टाटामोबाइल पिकअप बनवणाऱ्या हातांनीच ती घडवलेली असल्यामुळे तिचं वागणंही थोडं ट्रकच्या घराण्यातलं होतं. दोन वर्षांनी सुमो आली. कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरं घेऊन तिचं बारसं झालेलं. लग्नाच्या वऱ्हाडापासून शिर्डीच्या फेऱ्यांपर्यंत सगळा महाराष्ट्र तिच्यात दाटीवाटीनं बसला आणि इस्टेट मागे पडली. पुढे २००४ मध्ये टाटांनीच इंडिगोची मरीना काढली. मारुतीनं बलेनोची अल्तुरा, फियाटनं वीकएंड, ओपेलनं कोर्सा स्विंग आणून पाहिली. स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बीही काही काळ मिळत होती. लोकांनी शोरूममध्ये जाऊन या गाड्यांचं मागचं दार उघडलं, 'वा, काय जागा आहे' असं म्हणाले आणि शेजारची सेडान बुक करून आले.

असं का झालं? एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण मोठ्यानं बोलायचं नसतं. आमच्या मेव्हण्यांनी एकदा मरीनाभोवती एक फेरी मारली आणि हळूच म्हणाले, "गाडी उत्तम आहे हो, पण मागून बघितली की 'कोण गेलं' असं विचारावंसं वाटतं." लांब छप्पर, मागे उघडणारं दार आणि आत सपाट जागा हे गणित आपल्या मनात रुग्णवाहिकेशी आणि तिच्या पुढच्या प्रवासाच्या गाडीशी जुळलेलं आहे. नव्या गाडीला हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि पेढे वाटायचे, त्यात हा विचार कुणाला हवा?

दुसरं कारण सरकारी आहे आणि त्याचा दोष कुणाच्या मनावर ढकलता येत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी कोणती, तर लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. झालं! ज्या देशात लोक सामान घेऊन हिंडतात, त्या देशात सामानाच्या जागेवर कर बसला. टाटांनी २००८ साली इंडिगोचंच मागचं टोक आखूड करून इंडिगो सीएस आणली, लांबी ३९८८ मिलिमीटर. कापड वाचवायला शिंप्यानं विजारीचे खिसेच शिवू नयेत, त्यातला प्रकार. पण विजार स्वस्त झाली आणि धडाक्यानं खपली. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही ही चार मीटरची रेघ जागची हलली नाही. आज रस्त्यावर पुढून डौलदार आणि मागून एकदम कापल्यासारख्या ज्या गाड्या दिसतात, त्यांचा शिल्पकार अर्थखात्यात बसतो.

मग आज पुण्यात कुणाला जुनी इस्टेट घ्यायची असेल तर? एखादी मरीना शोधली तर सापडते. बहुधा कुणा निवृत्त माणसाकडे, कापडी कव्हराखाली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्यांच्या फायलीसकट. किंमत अगदी मामुली असते आणि माणूस भुलतो. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तिला आरटीओत तपासणीसाठी न्यायचं, पर्यावरण कर भरायचा आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच. इंजिनाचं, ब्रेकचं, क्लचचं सामान त्याच घराण्यातल्या इंडिकाच्या पुण्याईनं मिळून जातं. मात्र मागच्या दाराची काच फुटली की दुकानदार तुमच्याकडे सहानुभूतीनं बघतो आणि "मरीना? बुधवारी जुन्या बाजारात बघा," म्हणतो. म्हणजे गाडी स्वस्त आणि काच दुर्मीळ. अशी गाडी शौक म्हणून ठेवावी, आजींना घेऊन कोल्हापूरला जायला नव्हे.

इस्टेटचं काम आज आपल्याकडे कोण करतं, याचं उत्तर रस्त्यावर रोज दिसतं, म्हणूनच ते सुचत नाही. मारुतीची अर्टिगा. २०१२ साली आली तेव्हा लांबी ४२६५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या रेघेला न जुमानता आलेली. सात माणसांची म्हणून विकली जाते, पण तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसानं बसायचं तर गुडघे हनुवटीला लावायची तयारी हवी. ती रांग पाडून टाकली की मागे जे निघतं ती शंभर टक्के इस्टेट. तरीही घरोघरी हरकत एकच : "टॅक्सी वाटते." मला ही हरकत कधी कळली नाही. जो माणूस पोटासाठी रोज दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवतो, तो दुरुस्ती, इंधन आणि टिकाऊपणा यांचा हिशेब आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईनं करतो. टॅक्सीवाले जी गाडी घेतात ती वाईट कशी? टॅक्सी म्हणून राबलेली गाडी घेऊ नये हे बरोबर. टॅक्सीवाल्यांनी पसंत केलेली जरूर घ्यावी.

आता इंधन. इथे पुणेकराचा हात सहज कागद-पेन्सिलीकडे जातो, आणि जाऊ द्यावा. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील, तर शहरात पेट्रोलवर साताठ हजार जातात आणि सीएनजीवर साडेचारच्या आसपास. वाचले तीन हजार. सीएनजीवाली गाडी साठ हजारांनी महाग मिळत असेल तर वीस महिन्यांत फिटली. पण कोथरूडहून मंडई, रविवारी सारसबाग आणि वर्षातून एकदा गणपतीपुळे एवढंच फिरणं असेल, महिन्याला तीनशे किलोमीटर, तर वाचतात नऊशे. ते साठ हजार फिटायला साडेपाच वर्षं लागतील. शिवाय ज्या डिकीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यात सीएनजीची टाकी आधीच पाय पसरून बसलेली असते. पंपावर रांग असते. भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं आणि भर उन्हात उतरलेल्या सासूबाई बचत या विषयावर जे बोलतात ते कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तिचा दाखला आहे का, हेही बघायचं असतं.

डिझेलवर आमच्या बाबांचा फार जीव. अर्टिगात जे १.३ लिटरचं डिझेल इंजिन यायचं ते मूळ फियाटचं. रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत असे आणि इतक्या गाड्यांत बसलं की मिस्त्री लोक त्याला डोळे मिटून खोलतात. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं. तेव्हा ते हवं असेल तर जुन्यातच मिळणार. इतर कंपन्यांच्या नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. लक्ष्मी रोडवर पळणार कुठे?

गाडी बघायला जायचं ते उजेडात, आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर घेऊन. तो बॉनेट उघडेपर्यंत आपण आपली कामं करावीत. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर अठ्ठावीस हजार दाखवत असेल आणि चारही टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण असतील, तर नम्रपणे विचारावं, "एवढ्यात का बदलले हो?" खिडक्यांच्या काचांच्या कोपऱ्यातही सालाची खूण असते. सगळ्या एका वयाच्या आणि एकच धाकटी, म्हणजे त्या बाजूला काहीतरी घडून गेलंय. मुंबईची किंवा किनाऱ्यावरची गाडी असेल तर दाराखालची पट्टी बोटानं दाबून बघावी, खारी हवा तिथून सुरुवात करते. आणि सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढावा. नेहमी वापरात येणारा हातभर भाग सगळेच धुऊन ठेवतात. आत गुंडाळलेल्या भागावर मातीची फिकट रेघ दिसली, कुबट वास आला, तर समजावं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत मुठेनं पुण्यातल्या किती गाड्या बुडवल्या ते आपण पाहिलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या असतील असं मानायला माणूस पुण्याबाहेरचाच हवा.

आमच्या घरात मात्र खरी तपासणी वेगळीच झाली. मी मीटर वाचत होतो, मिस्त्री सायलेन्सरजवळ उकिडवा बसला होता, मालक "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त क्लिनिक ते घर" हे पुन्हा पुन्हा सांगत होते. बायकोनं पर्समधून ब्लाउजच्या मापाची टेप काढली आणि मागचं दार उघडून मापं घ्यायला लागली. रुंदी, खोली, मग सीट पाडून तिरकस कर्ण. मालक गोंधळले. "वहिनी, काय बसवायचंय?" "तानपुरा," ती म्हणाली. "आणि तो आडवा ठेवल्यावर आईंचा वॉकर." मालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एवढी वर्षं गाडी वापरली, पण आत काय मावतं ते आम्ही कधी मोजलं नाही. ती मोठी आहे म्हणूनच विकतोय." हे ऐकून मिस्त्री सायलेन्सरजवळूनच हसला.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र, पीयूसी, थकलेली ई-चलनं भरल्याची खात्री, आणि गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट लावलेली आहे का ते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

तेव्हा मंडळी, जुनी गाडी बघायला निघण्याआधी घरातलं सामान मोजा, मग महिन्याचे किलोमीटर मोजा, आणि रंगाचा विषय सगळ्यात शेवटी काढा. मागून बघून कुणी काही म्हणालं तर म्हणू द्या, डिकीत आंब्याच्या पेट्या आपल्या असतात. आणि आरसीवर आपलं नाव चढेपर्यंत पेढे वाटू नका.