इंग्रजी खेडे, तालुका कल्याण

डोंबिवलीतील सुशिक्षित माणसाच्या मनातले खेडे बहुधा इंग्लंडात असते. नोकरीची उमेदीची वर्षे ज्याने एका हाताने लोकलची कडी आणि दुसऱ्या हाताने वाचनालयाचे पुस्तक धरून, अशा अधांतरी अवस्थेत वुडहाउस आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या सहवासात घालविली, त्याच्या मनश्चक्षूंपुढे खेडे म्हणताच हिरवळ, चर्चचा मनोरा, गुलाबांचे ताटवे, निवृत्त कर्नलसाहेब आणि १९३० सालच्या पहिल्या कादंबरीपासून सेंट मेरी मीडमध्ये विणकाम करता करता खुनांचा छडा लावणाऱ्या मिस मार्पल ही मंडळी हात जोडून उभी राहतात. आणि मौजे निळजे, जे त्याच्या गच्चीवरून दिसण्याजोगे आहे, ते मात्र जागेचे भाव काढण्याची वेळ येईपर्यंत त्याच्या दृष्टीस पडत नाही.

सेवानिवृत्त माणूस दिवसभर घरात दिसू लागला की त्याने चालण्याचे महत्त्व गृहिणीला एकाएकी पटते. त्या न्यायाने माझी रवानगी शीळ रस्त्याकडे झाली, आणि काटई नाक्यावर रिक्षा सोडून निळज्याच्या तलावाकडे पायी जाताना मी माझे इंग्रजी खेडे हुडकू लागलो. कर्नलसाहेब तत्काळ सापडले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले हे काका तोफगोळ्यांविषयी चकार शब्द काढीत नसत. परंतु शेजाऱ्याने हद्दीच्या दगडाशी केलेल्या लगटीविषयी सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा यांच्या दाखल्यांसह संध्याकाळभर बोलत. पाद्रीबाबांच्या जागी गावदेवीचा भगत होता आणि त्याचा रोब कोणत्याही बिशपला साजला असता.

मिस मार्पल ओट्यावर बसल्या होत्या. सुपात वाळलेला जवळा पसरलेला. त्यातला कचरा आणि चुकार शिंपले त्या नखाने अलगद उडवीत होत्या, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक मांजर, अर्ज दाखल करून निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकाराच्या संयमाने बसले होते.

"जागा बगाला आलाव?" त्यांनी मान वर न करता विचारले.

मी म्हटले, "नाही आजी, सहज फिरायला."

"वाटलंच. पैसंवाला पायी नाय येत. आन् जागा घेनारा पयलं रस्ता बगतो, तुमी मगासपासून तलाव बगताव."

माझी सांपत्तिक स्थिती, व्यवसाय आणि घरातील माझे स्थान यांचा उलगडा पुढच्या दोन वाक्यांत झाला. तो येथे देण्याचे प्रयोजन नाही.

इंग्रजी खेड्यावर फार तर एखादा खून कोसळतो. आमच्या खेड्यावर कोसळते ती अधिसूचना. १९८३ साली कल्याणची महानगरपालिका झाली, तेव्हा निळज्यासह आसपासची सत्तावीस गावे शहरात आली. २००२ मध्ये ती पुन्हा खेडी झाली. २०१५ मध्ये पुन्हा शहर. २०२० मध्ये त्यांतली अठरा पुन्हा बाहेर, आणि वर्ष सरण्यापूर्वीच उच्च न्यायालयाने तो हुकूमही रद्दबातल केला. नांदिवली नावाची दोन गावे यांत आहेत, एक पंचानंद आणि दुसरी तर्फे अंबरनाथ. २०२०च्या त्या वाटणीत पहिली नागर राहिली आणि दुसरी ग्राम्य ठरली. या सर्व काळात गावे, तळी, देवळे आणि म्हशी जागच्या जागीच होत्या. हे खेडे की शहर, असे मी काकांना विचारले, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "आजचा पेपर अजून वाचला नाही."

दरम्यान भातशेतांवर कासा रिओ आणि कासा बेला अशा नावांचे मनोरे उभे राहिले आणि युरोपच माझ्या खेड्याच्या वेशीवर येऊन ठेपला. खरा इंग्रज या मुलखात येऊन गेला तो फार पूर्वी. १७८० साली कॅप्टन अ‍ॅबिंग्टन समोरच्या मलंगगडावर चालून गेला, माचीपर्यंत पोहोचला आणि बालेकिल्ल्याखाली ताटकळला. हल्ली मनोऱ्यांच्या बाराव्या मजल्यावरून मलंगगडाचे संपूर्ण दर्शन घडते, आणि ज्या दृश्यासाठी कॅप्टनने माणसे खर्ची घातली, त्यासाठी बिल्डर चौरस फुटामागे काही रुपये जादा लावतो.

परवा काकांनी नातीच्या हळदीचे आमंत्रण दिले. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठे प्रकरण; मांडवात गाव, रात्रभर बेंजो आणि पाण्यासारखा वाहणारा रस्सा. पत्रिकेवर 'मु. पो. निळजे, ता. कल्याण' असे छापून त्याखाली, मनोऱ्यांतल्या पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून, 'डोंबिवली पूर्व' असेही छापले होते.

"कुठला पत्ता धरून येऊ?" मी विचारले.

"कुठलाही धरा," काका म्हणाले, "पण आठाच्या आत या. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही."