समोरच्या बोटीचा तांडेल

मोठ्या मामाने मला आयुष्यात एकदाच घराबाहेर काढलं, आणि तेही रोनाल्डोमुळे.

२०२२ चा नोव्हेंबर, कतारचा वर्ल्डकप. पोर्तुगाल-उरुग्वे सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला होता. पावणेदोनच्या सुमारास ब्रुनो फर्नांडिसने डावीकडून उंच चेंडू टाकला, रोनाल्डो डोकं पुढे करून उडाला आणि चेंडू जाळ्यात. रोनाल्डो हात पसरून असा धावत सुटला, की पाळणा त्याच्याच घरी हललाय. मामा खुर्चीतून उठून उभा.

"लागला नाही डोक्याला," मी म्हणालो.

"लागला."

"मामा, केसालासुद्धा लागला नाही."

"लागला म्हणतो ना!"

पुढे पडद्यावर गोल फर्नांडिसच्या नावावर चढला. चेंडू बनवणाऱ्या अदिदास कंपनीनेही नंतर जाहीर केलं, की चेंडूच्या पोटात बसवलेल्या सेन्सरला रोनाल्डोचा स्पर्श झालेला दिसत नाही. पण कंपनीची वाट बघायला मी काय वेडा आहे? मी तिथल्या तिथे म्हणालो, "दुसऱ्याच्या जाळ्यातलं पापलेट स्वतःच्या टोपलीत टाकणारा तांडेल आहे हा."

मामाने जाऊन दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. आता जावं लागणार हे मला कळलं.

चूक माझीच. 'पापलेट' चाललं असतं, 'टोपली'ही चालली असती. 'तांडेल' म्हणायला नको होतं. मामा स्वतः चाळीस वर्षं तांडेल होता.

तांडेल म्हणजे काय हे वसई स्टेशनच्या पूर्वेकडच्या वाचकांसाठी सांगतो. बोटीवर खलाशी पाच असोत की दहा, सुकाणू तांडेलाच्या हातात. डोल जाळी कुठे लावायची, भरतीचा जोर किती, ओहोटी कधी लागणार, परत कधी फिरायचं, सगळं त्याने ठरवायचं. मासळी भरभरून आली तर दर्याची कृपा. जाळ्यात नुसता कचरा आला तर तांडेल गाढव. आणि हे ठरवायला स्वतःच्या बोटीचे लोक लागत नाहीत, शेजारच्या बोटीचे पुरतात. समोरच्या बोटीच्या तांडेलाला नावं ठेवणं हा आमच्या पाचूबंदरातला जोडधंदा आहे. त्याने जाळं उशिरा ओढलं इथपासून ते जावयाला दिलेली मोटारसायकल हप्त्यावरची आहे इथपर्यंत, पाण्यातलं आणि जमिनीवरचं सगळं त्यात येतं. त्याच बोटीवरच्या एखाद्या खलाशाला कोणी चार शब्द बोललंय, असं मात्र मी ऐकलेलं नाही. नावं ठेवून घ्यायलाही हुद्दा लागतो.

माझा एक मावसभाऊ बोस्टनला असतो. तिथे चेंडू हातात घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. त्यांच्यात क्वार्टरबॅक नावाचा एक असतो, चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाकडे द्यायचा ते तो बघतो. म्हणजे तांडेलच. भाऊ सांगतो, की त्यांच्या गावच्या टॉम ब्रेडीवर उरलेली अमेरिका वर्षानुवर्षं तुटून पडायची. २०१५ मध्ये एका मोठ्या सामन्यातल्या चेंडूंमध्ये हवा कमी निघाली, त्यावर चौकशी, वकील, कोर्ट, आणि शेवटी ब्रेडीला २०१६ च्या मोसमातल्या पहिल्या चार सामन्यांची बंदी. मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विचारात पडला. "हवा कमी होती तर भरायची ना," तो म्हणाला. "सायकलवाला नव्हता काय जवळ?"

असो. मुद्दा रोनाल्डोचा.

आमच्या घरात मी मेस्सीचा आणि मामा रोनाल्डोचा. मामाच्या पोर्तुगालप्रेमाचं कारण लोक इतिहासात शोधतात. किल्ला आमच्या हाकेच्या अंतरावर आहे, पोर्तुगीज १५३४ ला वसईत आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, वगैरे. जिंकलेल्यांनी तेव्हा इथल्या घंटासुद्धा उचलून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यातलीच. (परक्या मैदानावरून ट्रॉफी नेण्याची पद्धत जुनी आहे.) पण मामाला यातलं काही लागत नाही. रोनाल्डोच्या आईचं नाव मारिया डोलोरेस आहे, हे त्याने कुठेतरी ऐकलं आणि विषय संपला. डोलोरेस नावाच्या बाया आमच्या ओळखीत चार तरी सापडतील. "डोलोरेसचा मुलगा वाईट असेल कसा?" हा मामाचा युक्तिवाद. त्यातल्या एका डोलोरेसच्या मुलाने मामाचे सात हजार बुडवलेत, पण तो फुटबॉल खेळत नाही.

वर्ल्डकप एरवी जून-जुलैत येतो, म्हणजे नेमका आमच्या मासेमारीबंदीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बोटी किनाऱ्यावर, जाळी अंगणात, आणि माणसं मोकळी. हात जाळं सांधतात, तोंडाला काम नसतं. माझी रोनाल्डोवरची बरीचशी फाइल या ओल्या दिवसांतच तयार झाली.

फाइलचं पहिलं पान १ जुलै २००६ चं. इंग्लंडविरुद्ध रूनीला लाल कार्ड मिळालं. रूनी म्हणजे रोनाल्डोचाच क्लबमधला जोडीदार, आणि तरी हा पंचाकडे धावत गेला होता. कार्ड निघाल्यावर त्याने आपल्या बाकाकडे बघून डोळा मारला. साऱ्या जगाने बघितलं. पुढच्या मोसमात इंग्लंडमधल्या परक्या मैदानांवर त्याच्या पायाला चेंडू लागला, की लोक हुर्यो करायचे. मामा म्हणतो, पोराच्या डोळ्यात काहीतरी गेलं असेल.

मैदानाबाहेरची पानं जास्त चवदार. २०२१ च्या जूनमध्ये पत्रकार परिषदेला बसताना त्याने समोरच्या कोकाकोलाच्या बाटल्या बाजूला सरकवल्या आणि पाण्याची बाटली उंच धरली. आता बाटली प्यायची नसेल तर पिऊ नको, सरकवतोस कशाला? आमच्याकडे लग्नात कुणी असं केलं तर सोयरीक तुटते. आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्याच्या मदेइरा बेटावरच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं, तेव्हा बसवलेला तो ब्राँझचा अर्धपुतळा! चेहरा एका बाजूला ओढलेला, डोळे बाहेर, हसू असं की दाढ उपटल्यावर भूल उतरायची बाकी आहे. मी त्याचा फोटो मामाच्या फोनला वॉलपेपर म्हणून लावून दिला. मामाला वॉलपेपर बदलता येत नाही. आठ महिने त्याने तो सहन केला. माझा आजवरचा सर्वांत मोठा विजय हाच, असं तेव्हा वाटायचं.

करचुकवेगिरीवर मात्र मी गप्प असतो. रोनाल्डोला २०१९ मध्ये स्पेनमध्ये त्यापायी दंड झाला हे खरं, पण २०१६ मध्ये त्याच देशात, त्याच कारणासाठी मेस्सीलाही शिक्षा झाली होती. तिथे आमची बोट मामाच्या बोटीला चिकटून उभी आहे, भोक कुणाला पाडायचं?

नावं ठेवण्यालाही बंदरावर नियम आहेत, हे सांगितलं पाहिजे. आई-बापावर जायचं नाही. कातडीच्या रंगावर तर नाहीच. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला बघून काही प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव केले आणि त्यांना स्टेडियमबाहेर काढावं लागलं. ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मामा म्हणाला, "यांना शिव्यासुद्धा येत नाहीत." तिसरा नियम असा, की ज्याला सकाळी नावं ठेवली त्याचं इंजिन दुपारी बंद पडलं, तर दोर आपणच टाकायचा. त्याला ओढून आणताना पुन्हा नावं ठेवायला हरकत नाही, उलट तेव्हा त्याला पळताही येत नाही.

मामाही काही गरीब गाय नाही. त्याच्या भात्यातला एक बाण तर खास वसईचा. आमचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला हुतात्मा झाले, आणि रोनाल्डोचा जन्म ५ फेब्रुवारी १९८५ चा. मामाने हे जमवून आणलं त्या दिवशी तो रस्त्यात थांबवून थांबवून लोकांना सांगत होता. मला उत्तर सापडायला दोन आठवडे लागले. नेमारही ५ फेब्रुवारीचाच! "मग त्या लोळणाऱ्याला कुठल्या देव्हाऱ्यात बसवायचं?" मी विचारलं. मामाने विषय बदलून बोंबलाच्या भावावर नेला.

कतारचा वर्ल्डकप थंडीत आला, ऐन धंद्याच्या दिवसांत, म्हणून आम्ही पैज आधीच लावून ठेवली होती. ज्याचा संघ आधी हरेल, त्याने पुढच्या बंदीत बोटी रंगवायच्या वेळी मामाच्या बोटीच्या मागच्या फळीवर दुसऱ्याच्या हिरोचा नंबर स्वतःच्या हाताने काढायचा. मेस्सीचा दहा, रोनाल्डोचा सात. मी बिनधास्त होतो. अर्जेंटिनाचा पहिला सामना सौदी अरेबियाशी होता.

२२ नोव्हेंबरला दुपारी ऑफिसात, टेबलाखाली फोन धरून, मी तो सामना बघितला. सौदी २, अर्जेंटिना १. शेवटची शिट्टी वाजते न वाजते तोच मामाचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "लाल रंग आणायचा की हिरवा?"

म्हणून तर उरुग्वेच्या रात्री माझी जीभ इतकी सुटली होती.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ६ डिसेंबरला प्रशिक्षकाने रोनाल्डोला बाकावर बसवलं, त्याच्या जागी आलेल्या पोराने स्वित्झर्लंडला तीन गोल घातले, पोर्तुगाल ६-१ ने जिंकला. पोराचं नाव गोन्सालो रामोस. मी मामाला म्हणालो, "बघ, तुझ्या संतानेच त्याला उठवला." मामा चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "गोन्सालो आपलाच, रोनाल्डो आपलाच. तुझं कोण आहे?"

१० तारखेला मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने घालवलं आणि रोनाल्डो रडत बोगद्यातून आत गेला. सोळा वर्षं या क्षणासाठी मी वाक्यं घोटून ठेवली होती. तोंड उघडलं तर मामाच गरजला, "शिट्टी कुणाच्या तोंडात होती? अर्जेंटिनाच्या!" पंच फाकुंदो तेयो खरंच अर्जेंटिनाचा होता. पुढचा अर्धा तास मीच खुलासे देत बसलो, जणू शिट्टी मी पुरवली होती.

१८ डिसेंबरला मेस्सीने कप उचलला. मी नाचलो, रडलो, मामाला पेढा भरवला. पेढा खात मामा पडद्याकडे बघत होता. कप देण्याआधी कतारच्या अमीराने मेस्सीच्या खांद्यावर अरबांचा तो काळा झिरझिरीत झगा चढवला होता. मामाने पेढा गिळला.

"वर्ल्डकप घ्यायला आला आणि वाळत घातलेलं जाळं पांघरून आला."

जूनमध्ये बोट किनाऱ्यावर ओढली आणि मी रंगाचा डबा घेऊन गेलो. जगज्जेत्या संघाचा माणूस, अर्ध्या चड्डीत, गुडघाभर चिखलात. पैजेत एक फट होती ती मला तिथे उभ्या उभ्याच दिसली. सात काढायचा ठरलं होतं, तो इंग्रजी की मराठी हे ठरलं नव्हतं. मी मराठी काढला. लालभडक, हातभर उंच. पण वाकून वाकून पाठ भरून आली, हात थरथरला, आणि सात एका अंगाला असा कलला की त्या मदेइराच्या पुतळ्याशी त्याचं नातं लागावं. शेजारच्या बोटीचा तांडेल बघायला आला. "गळ काढलाय काय? छान आहे."

मामा मागे सरकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. मी भांडणाच्या तयारीत.

"आता झाला तो आपला," तो म्हणाला.

गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत बोटीला नवा रंग लागला, पण त्या सातला मामाने ब्रश लावू दिलेला नाही. भाईंदरहून रो-रो फेरीने वसईला आलात तर पाचूबंदरावर एक चक्कर मारा, मागच्या फळीवर वाकडा मराठी सात दिसला की ती आमची बोट. अक्षराला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. रोनाल्डोला ठेवायची असतील तर आधी मामा जाळ्यामागे बसलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.