उरलेल्या पायऱ्या

रेव्हिट या इमारती आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये जिना काढायला घेतला की कर्सरच्या पायाशी फिकट राखाडी अक्षरं उमटतात: इतक्या पायऱ्या झाल्या, इतक्या उरल्या. खालचा मजला, वरचा मजला आणि पायरीची जास्तीत जास्त उंची सांगितली की बाकीचा भागाकार तो स्वतःच करतो. मजला ३००० मिलिमीटरचा असेल आणि १८ चढ धरले, तर प्रत्येक चढ १६६.६७ मिलिमीटरचा. मग आपण माउस नुसता पुढे सरकवत राहायचं. झालेल्यांचा आकडा वाढतो, उरलेल्यांचा घटतो. इतक्या निर्विकारपणे हिशेब सांगणारं दुसरं कोणी मला आजवर भेटलेलं नाही. चित्रगुप्तसुद्धा झालेलंच लिहून ठेवतो, उरलेलं बोलून दाखवत नाही.

नऊ चढांवर क्लिक करून थांबलं आणि बाजूला सरकून उलट्या दिशेनं निघालं की मधे लँडिंग आपोआप उगवतं. ते काढावं लागत नाही. चढणं हे काम, थांबणं ही दोन कामांच्या मधे पडलेली फट, असा एकंदर खाक्या. हिशेबातही त्याची पत बेताचीच: १८ चढांना पाय ठेवायच्या जागा १७ लागतात, कारण अठरावी जागा म्हणजे वरचा मजलाच. त्या १७ पैकी आठ खाली, आठ वर आणि मधली एक म्हणजे हे अख्खं लँडिंग. हमरस्त्यावरच्या वडाच्या पाराला मैलाच्या दगडाइतकीच किंमत मिळावी, तसं काहीसं.

आम्ही हे जिने हिंजवडीत बसून काढतो. फेज दोनमधल्या काचेच्या इमारतीतून समुद्रापलीकडच्या शाळांचे, दवाखान्यांचे, वाचनालयांचे जिने. त्यांच्यावर आमचं पाऊल कधी पडायचं नाही, आणि जे आमच्या पायाशी आहेत त्यांच्यावरही पडत नाही, कारण आम्ही लिफ्टनं जातो. दिवसभर पायऱ्या घडवणारी माणसं सकाळी लिफ्टपुढे रांग लावून उभी असतात आणि दोन मजल्यांसाठीही जिन्याचं नाव काढत नाहीत. इमारतीचा जिना अधिकृतपणे उघडतो तो फायर ड्रिलच्या दिवशी. तेव्हा सगळे गळ्यात पट्टे अडकवून, चहा अर्धा सोडून, आपल्याच इमारतीच्या पोटातून पाहुण्यासारखे खाली उतरतात.

अनधिकृतपणे मात्र तो जिना सदैव गजबजलेला असतो. म्हणजे जिना नव्हे, लँडिंग. काँक्रीटच्या त्या उभ्या विहिरीत फोनला रेंज नसते. फक्त चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधल्या लँडिंगवर, खिडकीला खेटून उभं राहिलं तर येते. समोर मारुंजीच्या बाजूची टेकडी, खाली रिकाम्या बसेस. तिथं आईला ‘जेवलीस का’ विचारलं जातं. गृहकर्जाच्या हप्त्याची घासाघीस होते. दुसऱ्या कंपनीच्या एचआरशी बोलताना एरवी खणखणीत असलेला आवाज अचानक मखमली होतो. कधी कोणी नुसतंच भिंतीकडे तोंड करून उभं असतं आणि फोन कानाला असला तरी बोलत नसतं. अशा वेळी वरून उतरणारा माणूस चार पायऱ्या आधीच खाकरतो. जुन्या घरात माजघरात येण्याआधी सासरे खाकरायचे, तसं. हा शिष्टाचार कुठल्याही इंडक्शनमध्ये शिकवत नाहीत. शेजारी टेबलाला टेबल लावून बसलेली माणसं एकमेकांना ओळखतात ती या खाकरण्यावरूनच, असा माझा संशय आहे.

जिन्याच्या मापांचा विचार मात्र फार जुना. पॅरिसमध्ये १६७५ साली फ्रांस्वा ब्लाँदेलनं वास्तुकलेवरचं आपलं पुस्तक छापायला सुरुवात केली. सपाटीवरचं माणसाचं पाऊल त्यानं तिथल्या मापानं २४ इंचांचं धरलं आणि म्हणाला, पाय एक इंच वर उचलला की पुढची चाल दोन इंचांनी आखडते. म्हणून दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून २४ भरावेत. आमच्या १६६.६७ च्या चढाला २८० मिलिमीटरची पायरी दिली की आजही बेरीज त्याच्याच आसपास येते. आपल्या वाड्यांतल्या सुतार-गवंड्यांनी मात्र ब्लाँदेलला विचारलेलं दिसत नाही. जाड भिंतीच्या पोटात काळोखा, अरुंद जिना, पायरी गुडघ्याला भिडेल अशी, धरायला एक दोर. थांबायची सोय नाही. थांबलात तर मागचा माणूस तुमच्या पाठीला डोकं लावून उभा. आणि जेजुरीची तर गोष्टच निराळी. तिथं परंपरेनं नवलाख पायरी. हव्या असलेल्या आणि प्रत्यक्ष काढलेल्या पायऱ्या जुळल्या नाहीत की आमचं सॉफ्टवेअर कोपऱ्यात इशारा देतं. जेजुरीचा गड त्यात काढायला घेतला तर तो इशारा काही केल्या मिटायचा नाही. पण तिथं कमानीखाली धापा टाकत बसलेल्या, कपाळावरचा भंडारा घामानं ओघळलेल्या आजीबाईंना हा आकडा चुकलाय असं सांगायचा धीर कोणाला होईल? दम लागलेल्या माणसाला नऊ लाख अगदी पटतात.

वळणावरचा कठडा हे आमच्या धंद्यातलं खरं दुखणं. खालून येणारा शेवटचा चढ आणि वर जाणारा पहिला चढ एका रेषेत ठेवला, की वळताना दोन्ही कठडे वेगळ्या उंचीवर येतात आणि मधे एक विचित्र उसळी मारतात. नवी मुलं सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. उपाय सोपा आहे: एका बाजूनं एक पायरीभर मागे सरकायचं, मग दोघे अलगद जुळतात. (यातून संसाराला काही बोध मिळत असेल तर ज्याचा त्यानं घ्यावा, आम्हाला संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग द्यायचं असतं.)

लँडिंग जिन्याच्या रुंदीहून कमी नसावं, एवढं सांगून नियम गप्प बसतात. परवा एका वाचनालयाच्या जिन्यात मी लँडिंगची कड धरून ३०० मिलिमीटर बाहेर ओढली. तिकडून तपासणीत शेरा आला: हे ३०० कशासाठी? फिरकी घ्यावी की गोलमाल उत्तर द्यावं, यावर बराच विचार करून शेवटी खरं तेच लिहिलं: दोन माणसं बोलत उभी असतील तर तिसऱ्याला जाता यावं. उत्तर आलं: चालेल, सगळ्या मजल्यांवर करा. मग भिंत सरकली, भिंतीखालचा बीम सरकला, बीमवाल्या टीमचा जरा तिखट मेल आला, आणि शेजारच्या स्टोअररूममधलं कपाट दारात अडकलं. सध्या त्या कपाटाची बोलणी चालू आहेत.