सातच्या आत खुराड्यात

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने परसात कोंबड्या पाळल्या आणि त्याची झोप उडाली. त्या राज्यात 21 काउंट्या, आणि काळं अस्वल एकूण एक काउंटीत दिसलेलं. त्याने खुराड्याभोवती विजेचं कुंपण घातलं आणि फोनवर काळजीने विचारलं, "मामा, तुमच्याकडे अस्वलांचं काय करता?"

आमच्याकडे म्हणजे कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे. अस्वल बघायचं तर आम्हाला मेळघाट नाहीतर बुलढाण्याचं अंबाबरवा गाठावं लागेल. तिथलंही अस्वल वाळवी, मध आणि मोहाच्या फुलांत रमलेलं. कोंबडीसाठी ते मुद्दाम वाट वाकडी करेल असं वाटत नाही. पण म्हणून कर्जत-खालापूरची कोंबडी सुखात आहे असं कुणी समजू नये. एका अस्वलाचं काम इथे दहा जणांनी वाटून घेतलंय, आणि तेही पाळ्या लावून.

दिवसपाळी मुंगूस, घार, शिक्रा आणि कावळ्याची. घारीचा नि कावळ्याचा डोळा पिलांवर. मुंगसाला अंडं, पिलू, तलंग, काहीही चालतं. घोरपड अंड्यांची गिऱ्हाईक. उजेड उतरला की रानमांजर कामावर रुजू होतं, आणि रात्रपाळीला जवादी मांजर. खांडसच्या वर, शेकरूसाठी राखलेल्या भीमाशंकरच्या रानातून कधी बिबट्या उतरला तर तो या सगळ्यांचा साहेब. पण साहेबाला कोंबडीपेक्षा आपल्या कुत्र्यात अधिक रस.

शनिवारी मुंबईहून येणारे फार्महाऊसवाले यावर जाळी आणि कॅमेरा हे दोन उपाय करतात. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी बघून आमच्या शेजारच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "ही जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला नाय." खरंच आहे. अडवायचंच असेल तर अर्ध्या इंची वेल्डमेश हवी, आणि ती जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंजाला आधी जाळीच लागते. कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्याचा उपयोग होतो. कोंबडी कशी गेली याचं सुरेख चित्रीकरण मालकाला दादरला बसून बघता येतं.

खरं तर कोंबडी स्वतः फार सावध प्राणी आहे. तिचं मूळ घराणं तांबड्या रानकोंबड्याचं. शिवाय माथेरानच्या उतारांवर ओरडणारा आपला राखी रानकोंबडाही तिचा नातेवाईक लागतो; कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलं, असं 2008 साली संशोधकांनी दाखवून दिलं. रानातली ही शिस्त अंगणातही सुटलेली नाही. आभाळात घार दिसली तर कोंबडा बारीक, लांबट सूर काढतो आणि सगळ्या जागच्या जागी दबून बसतात. मुंगूस दिसलं तर मोठ्याने कटकटाट होतो आणि माना उंच होतात. शत्रू वरून येतोय की जमिनीवरून, हे ओरडण्यावरूनच समजतं. इतकी नेमकी बातमी हल्ली आपल्यालाही मिळत नाही.

फक्त एक खोट आहे. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. दांडीवर बसली की बसली; मग कुणीही यावं आणि उचलावं. हे तिला पक्कं ठाऊक असल्यामुळे 'सातच्या आत घरात' हा नियम तिच्याइतका कुणी पाळत नाही. तिन्हीसांज झाली की न बोलावता एकेक आत शिरते, जागेवरून थोडी भांडते आणि गप्प होते. तिच्याकडून सगळं चोख झालेलं असतं. उरतं फक्त दार लावणं, आणि ते तिला जमत नाही.

कोंबड्यांचं सगळं संरक्षण शेवटी या एका कडीवर येऊन ठेपतं. पिलंवाली असेल तर तिच्यावर डालगं पालथं घालायचं, वर धोंडा ठेवायचा, बाकीच्या मोजायच्या आणि कडी लावायची. काम दोन मिनिटांचं, पण ते रोज आणि वेळेवर व्हावं लागतं. त्यामुळे ज्याच्या घरी कोंबड्या, त्याची संध्याकाळ त्यांच्या नावावर चढलेली. गावातल्या हळदीचं आमंत्रण आलं की आमच्या घरात आधी चर्चा होते ती खुराडं कोण लावणार याची. आहेराचं नंतर. खोपोलीला बहिणीकडे जेवायला थांबायचं तर शेजारी निरोप ठेवूनच निघावं लागतं. आपण कोंबड्या पाळतो असं म्हणतो खरं, पण पाच वाजल्यापासून घड्याळाकडे बघणारा प्राणी कोण, हेही बघायला हवं.

मला याची तक्रार नाही. सूर्य कधी मावळतो याची मला आता पंचांगाइतकी अचूक माहिती असते, आणि श्रावणातल्या ढगाळ दिवशी कोंबड्या किती आधी फसतात याचीही. मुंगसाच्या धाकाने का होईना, दिवसातून एकदा तरी मी ठरल्या वेळी ठरल्या जागी असतो. नोकरीत असताना हे वरिष्ठांनाही माझ्याकडून करून घेता आलं नव्हतं.

कर्जत-खालापुरात जागा घेणारे लोक रस्ता बघतात, पाणी बघतात, सातबारा तपासतात. कोंबड्या ठेवायचा विचार असेल तर त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: बुधवारी संध्याकाळी घरी कोण असणार?