भाऊजींचा लोड बॅलन्सर

आमच्या घराण्यात फार वर्षांपासून एक गैरसमज सुखाने नांदतो आहे, तो म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं कळतं. तो मी पसरवला नाही, फक्त कधी खोडून काढला नाही. आयटी कंपनीत नोकरी करतो हे खरं, पण तिथे माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या स्लाइडी बनवणं आणि साहेबांना आवडेपर्यंत त्यांतल्या बाणांचे रंग बदलणं. हे नातेवाइकांना समजावून सांगण्यापेक्षा मामांचा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करणं सोपं असतं. प्रिंटर चालू होतो आणि माझी कीर्ती पुढच्या गणपतीपर्यंत टिकते.

त्याच कीर्तीला भुलून वहिनींनी मला बोलावलं. वहिनींचा कोथरूडला दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. भाजणी स्वतःची, हाताशी चार बायका आणि परदेशी पार्सलं जोरात. न्यू जर्सी, सिंगापूर, म्युनिक अशा ठिकाणांहून ऑर्डरी येतात आणि त्या घेणं घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू होतं. गेल्या वर्षी त्या मुहूर्तावर जगभरची मराठी माणसं एकदम साइटवर तुटून पडली आणि साइटने डोळे फिरवले. साइट बनवून देणारा मुलगा एव्हाना एमएस करायला जर्मनीला गेला होता. त्या संध्याकाळी तोही तिथे चिवड्याच्या रांगेत उभा होता आणि स्वतःच बनवलेली साइट त्याला उघडत नव्हती.

"भाऊजी, यंदा तुम्हीच काहीतरी करा," असं म्हणून वहिनींनी बशीभर शेव पुढे ठेवली. शेव तोंडात असताना माणसाने आश्वासनं देऊ नयेत. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? दोन सर्व्हर घेऊ आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर लावू." हा शब्द मी एका स्लाइडवर पाहिला होता. त्या चौकोनातून दोन बाण निघत होते. ते हिरवे मीच केले होते.

तर हा लोड बॅलन्सर म्हणजे दाराशी बसलेला एक प्रोग्राम. येणारी प्रत्येक विनंती तो आधी आपल्याकडे घेतो, मागच्या सर्व्हरांपैकी एकाकडे पाठवतो आणि मिळालेलं उत्तर गिऱ्हाइकाला आणून देतो. याच्याही आधीची फुकटची युक्ती म्हणजे डीएनएसमध्ये एकाच नावापुढे दोन पत्ते लिहून ठेवणं. १९९५ साली तिच्यावर रीतसर टिपण निघालं होतं. पण डीएनएसला कोण जिवंत आणि कोण गेलेला याची गंधवार्ता नसते, त्यामुळे एक सर्व्हर बसला की निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याच दारावर डोकं आपटत राहतात. म्हणून मी एचएप्रॉक्सी निवडलं. विली तारो नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी ते लिहिलं, २००१ पासून ते चालू आहे, जगभरच्या मोठमोठ्या साइटींपुढे ते उभं असतं, वगैरे सगळं मी वहिनींना सांगितलं. फुकट मिळतं हे मात्र सांगितलं नाही. फुकटच्या गोष्टीला आमच्याकडे मान नाही.

त्याची कॉन्फिगची फाइल अगदी छोटी असते. मी ती मॅन्युअल बघून बघून लिहिली, ओळी नीट लावल्या, चष्मा पुसून तपासल्या आणि चालू करायला गेलो, तर प्रोग्राम अडून बसला. शेवटच्या ओळीनंतर मी एंटर मारला नव्हता. फाइल अर्धवट तुटून आली असावी अशी त्याला शंका आली होती. शंका फाइलबद्दल होती, पण मला ती वैयक्तिक लागली.

मग साइटला कुलूपवाला पत्ता, म्हणजे एचटीटीपीएस, लावायचं ठरवलं. कुलूप दाराशीच काढायचं आणि आत सर्व्हरशी साध्या एचटीटीपीत बोलायचं, अशी पद्धत असते, तसं केलं. पण मागच्या सर्व्हरला त्या मुलाने शिकवून ठेवलं होतं की साध्या वाटेने कोणी आलं तर त्याला कुलपाच्या वाटेने परत पाठव. त्यामुळे गिऱ्हाईक कुलपाच्या वाटेने यायचं, बॅलन्सर त्याला साधं करून आत सोडायचा, सर्व्हर म्हणायचा कुलपाने या, ते पुन्हा कुलपानेच यायचं, आणि असं गरगर फिरून शेवटी ब्राउझरच हात टेकायचा. गिऱ्हाईक मूळचं कुठल्या वाटेने आलं हे एका हेडरमध्ये लिहून आत पाठवायचं असतं. एक ओळ! ती सापडेपर्यंत माझ्या रजा संपल्या.

यानंतर साइट सुरू झाली आणि चकल्या नाहीशा होऊ लागल्या.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. मी वाटपाची पद्धत ठेवली होती राउंड रॉबिन: पहिली विनंती पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी पुन्हा पहिल्याला. लोकशाही म्हणतात ती हीच असं मला वाटलं. पण गिऱ्हाइकाने टोपलीत काय टाकलं याची नोंद, म्हणजे सेशन, पीएचपी आपापल्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवतं. न्यू जर्सीच्या मावशींनी अर्धा किलो चकली टाकली ती पहिल्या सर्व्हरवर. पान बदललं, विनंती गेली दुसऱ्याकडे, तिथे टोपली रिकामी. मावशींनी पुन्हा चकली टाकली, वर शंकरपाळे घेतले, पान बदललं, आता चकली आहे आणि शंकरपाळे नाहीत. मावशींनी वहिनींना मध्यरात्री फोन करून विचारलं, "अगं, तुझ्या दुकानात उंदीर आहेत का?"

यावर मी इलाज केला तो असा, की गिऱ्हाइकाच्या आयपी पत्त्यावरून त्याचा सर्व्हर कायमचा ठरवून टाकायचा. इलाज हुशारीचा वाटतो, पण मोबाइल कंपन्या आपल्या असंख्य गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कोंबतात हे मला कुठे ठाऊक? पहिला सर्व्हर घामाघूम आणि दुसरा शुकशुकाट. शेवटी कुकी लावली: कोण कुठल्या सर्व्हरचा, ही चिठ्ठी बॅलन्सर ब्राउझरच्या खिशात ठेवतो आणि पुढच्या वेळी ती बघून त्याला तिथेच पाठवतो. मावशींच्या चकल्या जागेवर राहिल्या. उंदरांची बदनामी मात्र न्यू जर्सीच्या मराठी मंडळात पोचली होती.

मधल्या काळात वहिनी आपला पासवर्ड विसरल्या. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा आला की तो पत्ता तासभर बंद करायचा, अशी त्या मुलाने व्यवस्था करून ठेवली होती, आणि ती योग्यच होती. पण आता सर्व्हरच्या दृष्टीने जगातला प्रत्येक माणूस बॅलन्सरच्याच पत्त्यावरून येत होता. वहिनी चुकल्या आणि सिंगापूरसकट सगळं जग बंद झालं. खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधून आत कळवावा लागतो. शिवाय तो फक्त आपल्या बॅलन्सरने सांगितला तरच खरा मानायचा, नाहीतर कोणीही स्वतःला कोणीही म्हणवेल. हे मी सुधारलं आणि दोष हॅकर्सवर ढकलला. वहिनींनी हॅकर्सना शिव्या घातल्या. मीही दोन घातल्या.

आणि मग घटस्थापना. दुपारी मला सुरक्षेचा झटका आला. डेटाबेस तिसऱ्या मशीनवर होता. त्याचा पासवर्ड फार सोपा आहे असं वाटून मी तो बदलला, पहिल्या सर्व्हरवर नवा लिहिला, तेवढ्यात घरातून "अहो, आरतीला या" अशी हाक आली, आणि दुसरा सर्व्हर राहिला. भरीला भर म्हणून वाटपाची पद्धतही मी सकाळीच बदलून ठेवली होती. राउंड रॉबिन बाळबोध वाटत होतं, म्हणून ज्याच्या हातात सगळ्यात कमी कामं उरलीत त्याला नवीन गिऱ्हाईक द्यायचं, अशी 'लीस्टकॉन' नावाची प्रौढ पद्धत लावली होती.

आता बघा. पहिला सर्व्हर बिचारा डेटाबेसमधून अनारसे, चिरोटे, त्यांचे भाव, कुरियरचे दर असं सगळं काढून पान रचत होता, त्याला सेकंदभर लागत होता. दुसऱ्याकडे गिऱ्हाईक गेलं की तो डेटाबेसचं दार वाजवायचा, दार उघडायचं नाही, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत "चूक क्रमांक ५००" असं सांगून तो मोकळा व्हायचा. मोकळा झाला की त्याच्या हातात काम शून्य. काम शून्य म्हणून बॅलन्सर पुढचं गिऱ्हाईक त्यालाच द्यायचा. सरकारी कचेरीत ज्या खिडकीवर "उद्या या" असं लगेच सांगतात ती खिडकी कायम रिकामी दिसते, आणि नवीन माणूस आनंदाने तिकडेच धावतो, तसा माझा बॅलन्सर न्यू जर्सीपासून म्युनिकपर्यंतची माणसं त्या एका खिडकीवर ओतत राहिला.

त्यातून ती कुकी. ज्यांना एकदा दुसऱ्या सर्व्हरची चिठ्ठी मिळाली ते कितीही वेळा पान ताजं करोत, इमानाने तिथेच परत जात होते.

या वेळी मी काय करत होतो? एचएप्रॉक्सीचं एक आकडेवारीचं पान असतं, त्यावर जिवंत सर्व्हर हिरवे दिसतात. दोन्ही हिरवे होते. कारण सर्व्हर जिवंत आहे का हे बघायची जी तपासणी मी लावली होती ती फक्त पोर्ट उघडं आहे का एवढंच बघत होती, आणि पोर्ट टक्क उघडं होतं. मी त्या हिरव्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "सगळं सुरळीत." त्याखाली भाच्याचा अंगठा आला. त्याखाली वहिनींचा मेसेज आला: "भाऊजी, एकही ऑर्डर नाही."

लॉगमध्ये ५०० ची रांग लागलेली पाहून ट्यूब पेटली. पासवर्ड लिहिला, आणि ऑर्डरींचा जो लोंढा आला तो आला. मग शहाणपण सुचून मी खरी तपासणी लावली: दर २ सेकंदांनी सर्व्हरकडे एक पान मागायचं, त्या पानाने डेटाबेसला विचारून यायचं, लागोपाठ ३ वेळा नापास झाला तर सर्व्हर रांगेतून बाहेर, आणि २ वेळा पास झाल्याशिवाय परत घ्यायचा नाही. त्याच रात्री डेटाबेसचा बॅकअप सुरू झाला, डेटाबेस थोडा रेंगाळला, दोन्ही सर्व्हर एकदम नापास झाले आणि बॅलन्सरने दोघांनाही घरी पाठवलं. साइटवर ५०३ झळकलं: ही विनंती हाताळायला एकही सर्व्हर उपलब्ध नाही. दोघेही धडधाकट होते हो! तेव्हापासून डेटाबेसची चौकशी वेगळीकडे होते. तपासणीच्या पानाला फक्त स्वतःपुरतं उत्तर द्यायची मुभा आहे.

बायकोने हे सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, पण तो वाटणाराच बसला तर?"

मोठमोठ्या स्लाइडींवर हा प्रश्न विचारायला बाहेरून सल्लागार आणतात. मी दुसरा बॅलन्सर उभा केला. दोघांत एकच पत्ता फिरता ठेवायचा, मुख्याने "मी आहे, मी आहे" असं सारखं कळवत राहायचं आणि त्याचा आवाज थांबला की दुसऱ्याने पत्ता उचलायचा, अशी ती योजना. फायरवॉलमध्ये त्या बोलण्याला वाट द्यायची राहिली. एकमेकांचा आवाज न आल्यामुळे दोघांनीही स्वतःला मुख्य जाहीर केलं. दोन दिवस तो पत्ता कधी याचा तर कधी त्याचा होता, आणि हे मला माझ्याही आधी वहिनींनी सांगितलं.

हे निस्तरलं आणि साइट खरोखर चालू लागली. इतकी, की एका सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ते तुमचं जरा बंद करता का?" ऑर्डरी सुरळीत येत होत्या, पण कढया दोनच होत्या. मी अधिकारवाणीने म्हणालो की यावरही सोय आहे, एका वेळी ठरावीकच गिऱ्हाइकं आत घ्यायची आणि बाकीची रांगेत थांबवायची. "माणसं थांबतील हो," वहिनी म्हणाल्या, "दिवाळी थांबते का?" आणि मला कोथरूडला हजर व्हायला सांगितलं.

एक सोऱ्या माझ्या हातात आला. पहिली चकली कढईत पडताच सुटली, दुसरीचे तुकडे झाले, तिसरी तर सोऱ्यातून निघतानाच शेव होऊन निघाली. चौथी पाडायच्या आत वहिनींनी सोऱ्या काढून घेतला आणि मला डब्यांवर पत्ते चिकटवायला बसवलं.

न्यू जर्सीचे डबे म्युनिकला गेले.