नांगी

बूट पायात घालण्याआधी उलटे करून दोनदा आपटायचे, हा आमच्या घरचा कुळाचार. आजी महाडकडची. लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली ती पितळेच्या डब्यांबरोबर ही रीतही घेऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत झुरळं होती, ढेकूण होते, पाहुणे तर कायमच होते. विंचू मात्र एवढ्या वर्षांत एकदाही आला नाही. आजीचं म्हणणं, आपण बूट आपटतो म्हणूनच तो येत नाही. यावर काय बोलणार?

परवा मच्छीमार नगरात या कुळाचाराची शोभा झाली. कफ परेडला मी अधूनमधून सुकी मासळी आणायला जातो. ज्या मावशींकडून घेतो, त्यांच्या दारातच करंदी वाळत घातलेली असते. तिच्या कडेला बूट काढायचे, आत बसून चहा घ्यायचा, भावावरून थोडी हुज्जत घालायची आणि शेवटी त्यांनी सांगितलेल्याच भावानं घेऊन निघायचं. निघताना मी उजवा बूट उचलून पायरीवर आपटला.

"चिखल लागला काय रं?"

"नाही मावशी, सवय. आत विंचू-बिंचू असला तर..."

मावशी हसल्या. मग आतून सुनेला बोलावून, तिला सांगून, पुन्हा पहिल्यापासून हसल्या. "इकरं कुठला इचू रं, बाला?"

प्रश्न रास्त होता. आजूबाजूचा बराचसा कफ परेड समुद्रात भराव घालून उभा राहिलेला. जमीनच जिथं काल-परवाची, तिथं विंचवाच्या नावावर सातबारा कुठून असणार? त्याचं वतन कोकणात. चिऱ्यांच्या गडग्यात, शेणींच्या ढिगात, चुलीशेजारच्या लाकडांत. दिवसा तो अंधारी फट शोधतो आणि दोन्ही बाजूंनी अंगाला भिंत लागली की निवांत होतो. थोडक्यात, वृत्तीनं चाळकरीच. बुटाचा पंजा म्हणजे त्याला डबल रूम.

आजीच्या माहेरी म्हणून सगळी शिस्तच विंचवाच्या धाकानं चालायची. खाट भिंतीपासून हातभर लांब, अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकायची नाही, लाकूड उचलायचं तर आधी पायानं ढोसायचं. मला वाटायचं, ही आमच्या कोकणची खास मिरासदारी. पुढे वाचलं, की अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातही हीच शिस्त आहे: भिंतीच्या फटी बुजवा, लाकडं घरापासून लांब रचा, बूट झटका. तिथं कोणी कोणी खाटेचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवतात, कारण गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही. आजीनं लोणच्याच्या बरण्या या कामाला दिल्या नसत्या, ते सोडा. रात्री तिकडचे लोक अतिनील किरणांची विजेरी घेऊन परसात हिंडतात. त्या उजेडात विंचू हिरवा-निळा चमकतो. हे ऐकून आजी म्हणाली असती, "मेला नटलाय कुणासाठी?"

तिची भीती मात्र पोकळ नव्हती. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घ्यायचा तो बोटाएवढा लाल. तो चावला (नांगी मारतो शेपटीनं, पण मराठीनं त्याला कायमचं तोंडानं चावायला लावलं आहे) की मांत्रिक विंचू 'उतरवायला' बसायचा, आजी चिंचोका घासून डंखावर चिकटवायची, आणि पोर दगावायचं. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा त्यांनी अशा रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी केल्या: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग हृदयावर ताण आणि फुप्फुसांत पाणी. १९८२ साली 'लॅन्सेट'नं त्यांची निरीक्षणं छापली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं, आणि जिथं शंभरातले चाळीसेक जात होते तिथं एखादाच जाऊ लागला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मांत्रिकाला काय मिळायचं, तर नारळ आणि कोंबडी, तीही रोगी गेला तरी.

हे सगळं मी मावशींना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचा इचू पान्यात. शिंगाला." आणि तळहातावरचा जुना वण दाखवला. शिंगाळ्याचे काटे विखारी. जाळ्यातून काढला की खलाशी आधी ते मोडतात, मगच त्याला टोपलीत टाकतात. पाकटाच्या शेपटीचीही तीच कथा. लागलाच काटा, तर उपाय? सोसवेल इतक्या कढत पाण्यात हात बुडवून बसायचं. आता पंचाईत अशी, की याला वैद्यकाचा पाठिंबा आहे. माशांच्या काट्यांचं विष प्रथिनांचं, ते उष्णतेनं नासतं. डॉक्टरही हेच करायला सांगतात. इकडे माझ्या आजीचा चिंचोका. तिच्या वतीनं मी तिथंच नांगी टाकली.

वरमून डावा बूट न आपटताच घातला आणि निघालो.

बसमध्ये चर्चगेटच्या आसपास डाव्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. मी पाय हलवला. पुन्हा टोचलं. बसायला जागा नव्हती, वाकायलाही नव्हती. बावस्करांची यादी आठवू लागलो. घाम? दरदरून, पण ऑक्टोबर होता आणि माझ्या काखेखाली दुसऱ्याचं डोकं होतं. हातपाय गार? वरच्या दांड्याला धरलेला हात गार वाटला. मग लक्षात आलं, दांडाच गार होता. मळमळ होत होती, पण पिशवीतल्या बोंबलांमुळे ती साऱ्या बसलाच होत असावी. निदान लोकांच्या तोंडांवरून तसं दिसत होतं.

गिरगावात उतरलो, फुटपाथवर एका पायावर उभा राहिलो आणि बूट उलटा करून आपटला. एकदा, दोनदा. आतून पडली ती लालसर, शेपूट वळवून बसलेली, टोकदार मिशांची एक सुकी करंदी.